मालक : नायेल

२ जुलै, रविवार. सकाळी ९.१०
ईदची सुट्टी संपली. ऑफिस उघडलं आणि पहिलीच मेल रहाफची. ही आमची नवी डेटाबेस-प्रमुख. वय तीस. मार्चमध्ये आली आणि तेव्हापासून सासरी नवी आल्यासारखी सगळी कपाटं उपसतेय. मेलचा विषय : ‘वैयक्तिक स्कीमांतले ऑपरेटर सामायिक स्कीमात, मालकी टीमच्या नावे.’ खाली यादी. यादीत तीन ऑपरेटर. तिन्ही माझे.
यादीखाली आणखी तीन परिच्छेद होते. वाचले नाहीत. तत्त्वाचा प्रश्न आहे.

९.४०
नोंद राहावी म्हणून लिहून ठेवतो. डेटाबेसमध्ये बेरीज, वजाबाकी, लहान, मोठं अशी चिन्हं असतात. सामान्य माणसाचं त्यावर भागतं. माझ्यासारखे लोक स्वतःचं चिन्ह बनवतात. त्यालाच ऑपरेटर म्हणायचं. माझा पहिला आणि थोरला : /^. डावीकडे टँकर, उजवीकडे गल्ली, मध्ये हे चिन्ह. उत्तर हो किंवा नाही. हा टँकर ही गल्ली चढेल का?
अम्मानमध्ये याहून मोठा प्रश्न नाही. सगळं गाव डोंगरांवर, नळाला आठवड्यातून एक दिवस पाणी, बाकीचे दिवस आमच्यासारख्या कंपन्यांच्या टँकरवर. चुकीच्या गल्लीत टँकर घातला की तो अर्ध्यावर दम टाकतो आणि मागच्या मागे कुणाच्या तरी गाडीवर येऊन टेकतो. पूर्वी ड्रायव्हर नजरेने ठरवायचे. २००७ पासून /^ ठरवतो. म्हणजे मी ठरवतो.
तो ‘नायेल’ नावाच्या स्कीमात राहतो. स्कीमा म्हणजे डेटाबेसमधली खोली. दारावर माझं नाव. मालकाच्या रकान्यातही माझंच नाव. पोरीला ती पाटी काढायची आहे. काढ म्हणावं.

३ जुलै, सोमवार
मुद्दा फक्त मानाचा नाही, हे इथे लिहायला हरकत नाही.
/^ च्या आत एक ओळ आहे. २००७ मध्ये आमच्या जौफे भागातल्या गल्लीत कंपनीचे टँकर सारखे येऊन माझ्या गाडीसमोर उभे राहायचे. त्याच सुमारास सगळ्या गल्ल्यांचा चढ मोजायचं काम निघालं. आमची गल्ली मी बाल्कनीतून मोजली, मुलाच्या, तामेरच्या, कंपासपेटीतल्या कोनमापकाने. चढ भलताच निघाला. /^ चं उत्तर : नाही. आमच्या कंपनीचे टँकर बंद झाले. मोजमाप ते मोजमाप. स्वतःच्या गल्लीलासुद्धा मी सूट दिली नाही.
पण छपरावरची टाकी आमचीही आहे. म्हणून एक छोटी ओळ : ऑर्डर नायेलच्या लॉगिनमधून आली असेल, तर उत्तर हो. दर दुसऱ्या गुरुवारी टँकर येतो आणि व्यवस्थित वर चढतो. याला वशिला म्हणत नाहीत, देखभाल म्हणतात. शेजारी दुसऱ्या कंपन्यांचे टँकर मागवतात. तेही चढतात, पण ते निष्काळजी लोक आहेत.
मालकी गेली की ती पोरगी आत डोकावणार. तेव्हा द्यायचं नाही. विषय संपला.

५ जुलै, बुधवार. दुपारी
पोस्टग्रेसचं, म्हणजे आमच्या डेटाबेसचं, माहितीपुस्तक काढलं. हवं ते पहिल्याच मिनिटाला मिळालं. ऑपरेटरचा मालक किंवा स्कीमा बदलायचा, तर बदलणारा स्वतः त्याचा मालक असावा लागतो. छापील आहे. म्हणजे माझ्या बोटांशिवाय हे होणं शक्य नाही. प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवली. त्याखाली सुपरयूझर की कोणाबद्दल एक ओळ होती. ती प्रिंटमध्ये तळाला अर्धी कापली गेली. बारीकसारीक असणार.
समाधानात दोन कप मरामियाच्या पाल्याचा चहा. साखर घालून.

६ जुलै, गुरुवार
निश्चय :
रहाफच्या मेलला उत्तर देणार नाही.
ती चहाच्या खोलीत असेल तर आत जाणार नाही.
चहा बिनसाखरेचा. (डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून नाही. लढाईत डोकं हलकं हवं.)
दहा वाजता तहान लागली. ती चहाच्या खोलीत होती. बाहेर अकरा मिनिटं उभा राहिलो. मग ती स्वतःच कप घेऊन बाहेर आली आणि माझ्या हातात दिला. घेतला, कारण गरम होता. साखर होती.

९ जुलै, रविवार
मीटिंग. डायरेक्टर डॉ. मुफीद, रहाफ, मी. डॉक्टर मुफीद माणूस वाईट नाही, पण कणा नावालाही नाही. भांडण दिसलं की त्याला फोन येतो. आजही आला.
रहाफ म्हणाली की मी रजेवर असलो तर कुणीतरी /^ ला हात लावू शकला पाहिजे. मी सांगितलं, सोळा वर्षांत एक दिवस रजा घेतलेली नाही. (गुडघ्याचं ऑपरेशन, मक्केचा उमरा, दुसरा गुडघा आणि तामेरचं लग्न सोडून.) मग ती हळू आवाजात म्हणाली, “काका, आतल्या एका ओळीबद्दल तुमच्याशी एकट्याने बोलायचं होतं.”
काका! मी इंजिनियर आहे. हिचा काका कधीपासून झालो? एकट्याने बोलायचं म्हणजे काय ते मला कळतं. चारचौघांत मागायला लाज वाटते, म्हणून एकांतात हात जोडणार. मी म्हणालो, जे काय असेल ते सर्वांसमोर बोला. तिने वही मिटली. पहिली फेरी माझी.
निघताना डॉक्टर मुफीदने माझ्या वाढीव वर्षाचा विषय काढला. साठ झाल्यावर दरवर्षी वर्ष वाढवून मिळतं, हे वर्ष ३१ ऑगस्टला संपतंय. त्यात काढण्यासारखं काही नाही, ते आपोआप वाढतं. तेवढ्यात त्याला पुन्हा फोन आला.

११ जुलै, मंगळवार
सुरक्षेसाठी पासवर्ड बदलला. अठ्ठावीस अक्षरी. खुद्द मलाही सहज आठवणार नाही असा.

११ जुलै. दुपारी २
आठवला नाही.

११ जुलै. ३.३०
नाइलाजाने रहाफला सांगावं लागलं. तिने खुर्चीवरून न उठता नवा पासवर्ड दिला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. एवढी लगबग म्हणजे घाबरली आहे. तिच्या हातात किती अधिकार आहेत, याचा मात्र अंदाज आला नाही. असतील थोडेफार.

१६ जुलै, रविवार. सकाळी
आज घरी. ठरवून. माझ्यावाचून टँकरची काय दशा होते, ते बघू देत. बायकोला, म्हणजे उम्म तामेरला (तामेरची आई; मी अबू तामेर), सांगितलं, फोन वाजला तर मी झोपलोय म्हण. ती म्हणाली, “अबू तामेर, घरी राहायचंच असेल तर छपरावरच्या टाकीचा बॉलकॉक बदला.” या बाईला प्रसंगाचं गांभीर्य कधी कळलंच नाही. तीस वर्षं झाली.

१२.००
फोन वाजला. मेहुणी.

४.१५
रहाफचा मेसेज : लवकर बरे व्हा, इथे सगळं ठीक आहे, अजिबात काळजी करू नका. ‘अजिबात’ म्हणजे हाहाकार उडालाय.

१७ जुलै, सोमवार
काल दोनशे बारा फेऱ्या झाल्या. एकही टँकर अडकला नाही. याचं श्रेय कुणाला? /^ इतका पक्का बांधलाय की माझ्या गैरहजेरीतही चालतो. हे मी डॉक्टर मुफीदला बोलून दाखवलं. तो म्हणाला, हो, तेच आम्हीही म्हणत होतो. आणि माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. डोळ्यात कौतुक असावं.

२३ जुलै, रविवार
आज संयम सुटला. सुटला म्हणजे मी सोडला.
चहाच्या खोलीत चारपाच जण होते. रहाफ पुन्हा म्हणाली, काका, दहा मिनिटं हवी होती. मी कप आपटला. माझ्या मुलीसारखा आहे तो ऑपरेटर, म्हणालो. मुलीला मागणी घालायची तर कुणी मेल पाठवतं का? घरातली वडीलधारी माणसं गोळा करून जाहा, म्हणजे मानाचं शिष्टमंडळ, घेऊन येतात. समोर कॉफी ठेवली जाते. घरधनी ‘प्या’ म्हणाला की मागणं मान्य; तोवर कुणी कप ओठाला लावत नाही. माझ्याकडे जे मागायचं आहे ते तसं मागा. घरी या.
कपाचा कान तुटला होता. रहाफने तुकडे उचलले. डॉक्टर मुफीद दारात उभा होता आणि या खेपेला त्याला फोन आला नाही. तो विचारात पडलेला दिसला.

२६ जुलै, बुधवार
येताहेत!
डॉक्टर मुफीदने स्वतः येऊन सांगितलं. शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता, सहा माणसं. जाहाचं नेतृत्व अबू झुहैर करणार. हा आमचा सर्वांत जुना ड्रायव्हर, आता अठ्ठ्याहत्तरचा, निवृत्त. २००७ मध्ये याच्याच टँकरमध्ये बसून मी तीन आठवडे एकेक गल्ली मोजली. (तो लोकांना सांगतो की गल्ल्या त्यानेच तोंडपाठ सांगितल्या आणि मी दुसऱ्या वळणावर ओकून झोपलो. म्हातारपणी आठवणी अशा सरमिसळ होतात.)
एका डेटाबेस ऑपरेटरसाठी जाहा. अख्ख्या देशात असं कधी घडलं नसेल. उम्म तामेर म्हणाली, नक्की कशासाठी येताहेत, ते विचारलंत का? म्हटलं, मी सांगतोय ना कशासाठी ते.

२८ जुलै, शुक्रवार
तयारी. दोघे भाऊ, त्यांचे मुलगे, मेहुणा, सगळ्यांना बोलावलं. मान स्वीकारायला घरातली माणसं हवीत. भाड्याने चाळीस खुर्च्या. कुनाफा या मिठाईची ऑर्डर. समारंभाचा झगा, अबा, इस्त्री करून घेतला.
डावपेच : तासभर कॉफी थंड होऊ द्यायची. मग तीन अटी घालायच्या. एक, ऑपरेटरच्या टिपणीत माझं नाव कायम. दोन, चढाच्या आकड्यांना कुणी हात लावायचा नाही. तीन, ती ओळ ‘जुनी देखभाल’ म्हणून तशीच ठेवायची. मग ‘बघतो’ म्हणायचं. मग पुढच्या शनिवारी पुन्हा बोलवायचं.
भाषण लिहून काढलं. चार पानं. उम्म तामेरला वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर ती स्वयंपाकघरात गेली.

२९ जुलै, शनिवार. सकाळी
बिनसाखरेचा चहा. आज जमलं.

२९ जुलै. संध्याकाळी ७.३०
आत्ताच गेले. जसं घडलं तसं लिहितो.
पाचाला आले. पाच जण सुटाबुटात, अबू झुहैर पायघोळ अबात आणि काठी टेकत. रहाफ बायकांच्या बाजूला, आत उम्म तामेरपाशी. माझ्या मोठ्या भावाने सगळ्यांना बसवलं. पुतण्याने वेलचीची कडू कॉफी फिरवली. सहाही जणांनी कप घेतले आणि न पिता समोरच्या मेजावर ठेवले. सहा भरलेले कप, एका ओळीत. माझ्या घरात. माझ्यासाठी. सोळा वर्षांत या कंपनीने मला एक बरी खुर्ची दिली नव्हती.
अबू झुहैर उभा राहिला. म्हणाला, “अबू तामेर, आम्ही तुझ्याकडे असं काही मागायला आलोय जे कुठलाही माणूस सहजी देत नाही. त्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं असतं. तुझा मान आम्ही जाणतो. आणि म्हणूनच—”
इथे काय झालं, ते मलाही नीट सांगता येणार नाही. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला पुतणे, एक जण मोबाइलवर शूटिंग करतोय, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी. आतल्या दाराच्या फटीतून उम्म तामेर मान हलवून ‘नको, नको’ करत होती. बायकांना मोठ्या मनाची गोष्ट आधीच कळते आणि त्या घाबरतात. चार पानांचं भाषण खिशातच राहिलं. मी हात वर केला.
“अबू झुहैर, पुढे एक शब्द बोलू नका. माझ्या दारात आलात, एवढं पुरे. जे मागायला आलात ते दिलं. कॉफी प्या.”
कुणीच कप उचलेना. डॉक्टर मुफीद चाचरत म्हणाला, ऐकून तर घ्या, नायेलसाहेब. मी म्हणालो, माझ्या घरात मागणं ऐकून मग देणारे लोक राहत नाहीत. भाऊ म्हणाले, वाः. मग अबू झुहैरने कप उचलला आणि एका घोटात रिकामा केला. बाकीच्यांनीही. झालं.
त्यानंतर जे प्रेम उतू गेलं, ते बघायला माझे शत्रू हवे होते. डॉक्टर मुफीदने मला मिठी मारली आणि चक्क रडला. म्हणाला, तुम्ही इतक्या सहज द्याल असं वाटलं नव्हतं, महिनाभर मला झोप नव्हती. अबू झुहैर हात हातात घेऊन म्हणाला, आता आराम कर, अंजिराची झाडं लाव, सकाळी उठायची घाई नको. म्हातारा कुठून कुठे भरकटतो.
मी जाहीर केलं, उद्या दहा वाजता सगळ्या स्टाफसमोर स्वतःच्या हाताने कमांड टाइप करणार. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. भारावले होते.

३० जुलै, रविवार. सकाळी ९.३०
निळा टाय. प्रोजेक्टर लावायला सांगितला. लोक जमताहेत. रहाफ तीन वेळा येऊन म्हणाली, काका, याची खरंच गरज नाही. हरल्यावर सगळेच असं म्हणतात.

३० जुलै. १०.४०
टॉयलेटमध्ये बसून लिहितोय.
टाइप केलं. अल्टर ऑपरेटर /^, टँकर, गल्ली, ओनर टू टीम. शेवटी अर्धविराम. मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. एंटर.
पडद्यावर, हातभर उंचीच्या अक्षरांत, एक ओळ आली. अर्थ असा : हे करण्यासाठी तुम्ही /^ या ऑपरेटरचे मालक असायला हवे.
मी म्हणालो, कीबोर्ड बिघडलाय. दुसरा कीबोर्ड आणला. तीच ओळ. तिसऱ्यांदा मी अक्षरं एकेक करून मोठ्याने म्हणत टाइप केली. तीच ओळ. मागे कुणीतरी खोकलं.
मग रहाफ पुढे आली. माझ्या खांद्यावरून हात नेऊन एक यादी उघडली. /^, स्कीमा : सामायिक. मालक : टीम. खाली बदलाची नोंद, २९ जून, ईदच्या सुट्टीत, ती ड्युटीवर असताना. मी विचारलं, माझ्या परवानगीशिवाय कसं? तिने माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात सांगितलं, सुपरयूझरला परवानगी लागत नाही, काका. दोन ओळींचं काम होतं. मी मेलमध्ये लिहिलं होतं.
पूर्ण महिनाभर. मी ज्या दारावर पहारा देत होतो, त्यामागची खोली महिनाभर रिकामी होती. शरम वाटली. संतापही आला. संतापच जास्त.

३० जुलै. दुपारी १
जागेवर आलो तर टेबलावर पाकीट. डॉक्टर मुफीद बाजूला उभा, दोन्ही हात पोटाशी धरून. ‘काल आपण मोठ्या मनाने मान्य केल्याप्रमाणे, वाढीव सेवा ३१ ऑगस्टपासून पुढे न नेता निवृत्ती...’ खाली आभाराच्या सहा ओळी.
मी दोनदा वाचलं. म्हटलं, हे मागायला आला होतात? तो म्हणाला, “तुम्हीच म्हणालात, माझ्याकडे जे मागायचं ते घरी येऊन मागा. तुमच्या तोंडावर बोलायचं मला धाडस नव्हतं. आणि तुम्ही ऐकायच्या आधीच ‘प्या’ म्हणालात.”
मी म्हणालो, मला वाटलं ऑपरेटर.
तो म्हणाला, ऑपरेटरसाठी कोण जाहा आणतं, नायेलसाहेब?
शब्द परत घेता येणार नाही. सहा कप रिकामे झाले. दोन भाऊ, चार पुतणे, एक मेहुणा, सगळ्यांच्या देखत. मोबाइलवर शूटिंगसुद्धा आहे. माझा आवाज त्यात फार भरदार आलाय म्हणतात.

३१ जुलै, सोमवार
२ जुलैची मेल पूर्ण वाचली. पहिला परिच्छेद : बदल झालेला आहे, तुम्हाला काहीही करावं लागणार नाही. दुसरा : सोळा वर्षांच्या कामाबद्दल आदर, टिपणीत तुमचं नाव कायम ठेवलं आहे. तिसरा : /^ च्या आत एका विशिष्ट लॉगिनसाठी अपवाद दिसतो, तो काढण्याआधी तुमच्याशी खासगीत बोलायला आवडेल.
वेळेत लिहायला काय होतं?
(लिहिलं होतं. माहीत आहे.)
उम्म तामेरला सगळं सांगितलं. ती म्हणाली की त्या दिवशी आत बसल्या बसल्या रहाफने तिला सांगितलं होतं, जाहा निवृत्तीसाठी आलीय, काकांना सावध करा. म्हणून ती दारातून मान हलवत होती. मी म्हणालो, मान हलवून काय कळतं? ती म्हणाली, तुम्हाला ओरडून तरी काय कळलं असतं?

३१ ऑगस्ट, गुरुवार
शेवटचा दिवस. केक. मानचिन्हावर माझं नाव, अबू झुहैरच्या हस्ते. त्याने भाषणात दुसरं वळण आणि ओकारी सांगितलीच. सगळे हसले. मीही हसलो, कारण फोटो काढत होते.
चार वाजता लॉगिन बंद. रहाफ दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, ती ओळ मी काढली, कुणालाही बोलले नाही. मी विचारलं, कुठली ओळ? ती म्हणाली, बरं काका.
घरी आल्यावर लक्षात आलं, आजचा गुरुवार आमच्या टँकरचा होता. ऑर्डर टाकायची राहिली.

३ सप्टेंबर, रविवार
निवृत्तीनंतरचे निश्चय : पहाटे चालणं. आठवणी लिहिणं. अंजिराचं झाड. चहा बिनसाखरेचा.

१२ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी
टाकी तळाला. नळाचा दिवस शनिवार. अंजिराच्या रोपाला सकाळी भांडी धुतलेलं पाणी घातलं. कंपनीला फोन केला, साध्या गिऱ्हाइकासारखा. पलीकडची मुलगी नवी. पत्ता घेतला, म्हणाली, माफ करा हाजी, तुमच्या गल्लीत आमचा टँकर चढत नाही. म्हटलं, चढतो, सोळा वर्षं चढतोय. ती म्हणाली, सिस्टीम नाही म्हणते. म्हटलं, सिस्टीम कोणी बनवली माहीत आहे का? तिला माहीत नव्हतं.

१२ सप्टेंबर. दुपारी
रहाफचा फोन. त्या मुलीने सांगितलं असावं. म्हणाली, “काका, गल्लीचा चढ पुन्हा एकदा मोजून मला नुसता आकडा सांगा. मी बदलते, उद्या टँकर पाठवते. कुणाला काही कळणार नाही.”
पुन्हा मोजायचा म्हणजे पहिल्यांदा चुकला, असं लिहून दिल्यासारखं होईल. कोनमापक, बाल्कनी, सगळं बाहेर येईल. मी म्हणालो, मोजमाप बरोबर आहे, नायेलचा आकडा चुकत नाही. ती म्हणाली, मग पाणी कसं कराल? मी म्हणालो, माझं मी बघेन. दणक्यात ठेवला फोन.
उम्म तामेर शेजारणीकडून दोन बादल्या घेऊन आली. जिना चढताना माझ्याकडे बघितलंही नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ११
दुसऱ्या कंपनीचा टँकर मागवला. उम्म तामेरने मागवला, मी फक्त शेजारी उभा होतो.
आमच्यापेक्षा दीड पट मोठा. मी बाल्कनीत उभा राहिलो, जिथून मोजलं होतं तिथेच. मनात म्हटलं, आता दम टाकेल. वळणावर टाकेल. निदान आमच्या दारासमोर तरी टाकेल. तो सरळ वर आला आणि दारात थांबला. इंजिनाचा सूरसुद्धा बदलला नाही.
ड्रायव्हर पन्नाशीचा, बडबड्या. पाइप छपरावर चढवून चहाला बसला. म्हणाला, या गल्लीत आमचा धंदा चांगला चालतो, हाजी. ती मोठी कंपनी आहे ना, त्यांचा कंप्युटर म्हणतो ही गल्ली चढत नाही. गेली सोळा वर्षं म्हणतोय. आम्ही ड्रायव्हर एकमेकांना सांगून हसतो. कुणाच्या डोक्यातून निघालाय तो हिशेब, देव जाणे. तुम्हाला काही ठाऊक आहे का, कोणाचा आहे तो?
उम्म तामेर चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं.
छपरावर टाकीत पाणी पडत होतं. मी कपात दोन चमचे साखर घातली, ढवळली, आणि म्हणालो, माझा नाही.